दोन खोक्यांचं रक्त

पशुसंशोधन केंद्रात बाईंना सगळे आकडेबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण दाराआड इतक्या मोठ्याने की तोंडावर म्हटल्यातच जमा. बावीस वर्षं त्या संख्याशास्त्राच्या टेबलाशी बसल्या होत्या आणि या काळात प्रयोग सुरू होण्याआधी त्यांच्याकडे नेमकी दोन माणसं आली होती. त्यातला एक खोली चुकला होता. बाकीचे प्रयोग उरकून यायचे, हातात फाइल आणि चेहऱ्यावर लाडीगोडी. "बाई, जरा बघा ना, काही निघतंय का." जणू खिसे चाचपायचे होते.

निघायचं तर काहीही निघतं, हे त्यांनी सांगून पाहिलं होतं. बारा हजार जनुकं तपासली तर निव्वळ योगायोगाने, शंभरात पाच या हिशोबाने, सहाशे 'सापडतात'; त्यांना चाळणी लावावी लागते. ऐकणारे मान डोलवत आणि सहाशे घेऊन जात. बाईंना आता राग येत नसे. किळस येई, कुणाच्या उष्ट्या कपात चहा मिळाल्यासारखी.

या वेळची फाइल संचालकांची होती. कासदाह झालेल्या बारा गाई, धडधाकट बारा. दोन्ही गटांच्या रक्तात कोणती जनुकं जास्त बोलतात, कोणती गप्प बसतात, याची मोजणी. त्यावरून संचालकांनी एक चाचणी बेतली होती आणि साठ कालवडींवर चालवूनही टाकली होती. एकोणीस कालवडी 'पुढे आजारी पडणाऱ्या' ठरल्या. त्यांना कळपातून काढून कसायाकडे पाठवायचं, यादी तयार होती, गाडी शुक्रवारी येणार होती. फक्त बाईंची सही राहिली होती.

बाईंनी आलेख काढला. चोवीस ठिपके, दोन ढीग, मध्ये मोकळं मैदान. जिवंत प्राण्यांचे आकडे इतके शिस्तीत कधी बसत नाहीत. त्या उठून प्रयोगशाळेत गेल्या.

"मामा, या नळ्या तुम्ही कधी चालवल्या?"

मामा म्हणजे तिथले तंत्रज्ञ. प्रयोगशाळेत येण्याआधी दहा वर्षं त्यांनी गोठ्यात धारा काढल्या होत्या.

"निरोगी सोमवारी, आजारी गुरुवारी," मामा अभिमानाने म्हणाले. "आधी चांगल्या, मग आजारी. धारेचा नियमच आहे ताई, नाहीतर एकीचं दुसरीला लागतं."

"रसायन?"

"सोमवारी पहिल्या खोक्यातलं. आजाऱ्यांना वेगळं खोकं फोडलं. त्यात हात घालून परत निरोग्यांच्या खोक्यात? छे!"

बाई स्टुलावर बसल्या. गोठ्यात हा माणूस देव होता. इथे त्याने आजार आणि खोकं यांची अशी गाठ मारली होती की जगातलं कुठलंही गणित ती सोडवू शकणार नव्हतं. गाईंमधला फरक कुठला आणि खोक्यांमधला कुठला, कोण सांगणार? पुढे कालवडींचं रक्त दोन्ही खोक्यांत उरलेल्या रसायनावर निभावलं होतं. बाईंनी मामांच्या नोंदवहीशी यादी ताडून पाहिली. एकोणीसच्या एकोणीस दुसऱ्या खोक्यातल्या.

संचालकांनी ऐकून घेतलं. ऐकताना ते पाठीमागच्या भिंतीवरचा फोटो सरळ करत होते: पदकं घातलेली सात नंबरची गाय, केंद्राची पट्टराणी, आणि शेजारी स्वतः.

"बाई, तुम्ही सुतावरून स्वर्ग गाठता. काहीतरी दुरुस्ती लावा ना. तुमच्याकडे पद्धती असतात की."

"दूध आणि पाणी एकदा मिसळल्यावर पद्धत काय करणार, सर?"

"शुक्रवारी गाडी आहे," संचालक म्हणाले. "सही उद्यापर्यंत."

घरी सासूबाईंनी ताट वाढताना विचारलं, "आज तोंड का कडू?" बाईंनी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "गाईच्या रक्तातलं एवढं दिसतं तुला, आणि घरातलं मीठ संपलंय ते दिसत नाही." मग ताट पुढे सरकवत, "सही नको करूस हो."

सकाळी बाईंनी मामांना कामाला लावलं. निरोगी गाईंचं उरलेलं रक्त शीतपेटीत होतं. हाताला येतील त्या चार नळ्या घ्या आणि दुसऱ्या खोक्यातून चालवा. दुपारी निकाल आला: सोमवारी ठणठणीत असलेल्या चारही गाई आता आजारी. बाईंनी कागद संचालकांपुढे ठेवला.

"चारच तर आहेत. वगळा," संचालक म्हणाले आणि सवयीने क्रमांक वाचू लागले. एकवीस. नऊ. चौदा. सात.

त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली.

"हिला काही झालेलं नाही," ते ठासून म्हणाले.

"चाचणी म्हणते झालंय. तुमच्या नियमाने तेवीस होतात, सर. शुक्रवारच्या गाडीत तेविसावीची जागा करायची का?"

"काहीतरी काय बोलता! रसायनच खराब असणार!"

अर्ध्या तासात गाडी रद्द झाली. सूचनाफलकावर कागद लागला: संचालकांच्या दक्षतेमुळे प्रयोगातील त्रुटी वेळीच लक्षात आली. बाईंनी तो उभ्याउभ्या वाचला. एकोणीस जनावरं वाचली होती, आणि तीही खरं काय ते पटलं म्हणून नव्हे, फोटोसाठी वाचली होती. त्यांना तोंड धुवावंसं वाटलं. त्यांनी ते धुतलंही.

मग नव्या प्रयोगाचा तक्ता घेऊन त्या मामांकडे गेल्या. प्रत्येक खोक्यात सहा आजारी, सहा निरोगी, क्रम चिठ्ठ्या टाकून.

मामांचा चेहरा आंबला. "शेजारी शेजारी? एकाच रॅकमध्ये?"

"एकाच."

"शी, ताई," मामा म्हणाले आणि हातमोज्यांवर आणखी एक जोडी चढवू लागले.