आईनं बाबांचं नाव घेतलं तेव्हा

माझ्या आईनं उभ्या आयुष्यात दोनदा बाबांना नावानं हाक मारली.
दोन्ही वेळा आम्ही घाबरलो.

आज पहाटे आई गेली.

पहिली वेळ साठच्या दशकातली. तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं, आणि आम्ही आमच्या मुरबे गावातून आईला होडीत निजवून खाडीपार, आणि तिथून पालघरच्या हॉस्पिटलात नेत होतो.

कावीळ. डोळे हळदीसारखे.

डॉक्टर तरुण, मुंबईचे, मनानं चांगले. म्हणाले, काविळीचं विष मेंदूपर्यंत चढू शकतं. ते किती चढलं हे माणसाला बोलतं करूनच मोजावं लागतं.

म्हणून रोज राउंडला तेच प्रश्न. आज वार कोणता? गाव कोणतं? नवऱ्याचं नाव काय?

वार आणि गाव आई बरोबर सांगायची. नवऱ्याचं नाव विचारलं की पदर तोंडावर.

लग्नातला उखाणा सोडला तर ते नाव तिनं कधी घेतलंच नव्हतं. बाबा म्हणजे 'सुमनचा बाबा'.
सुमन म्हणजे मी. तेव्हा दहा वर्षांची, आईच्या उशाशी बसायची माझी ड्यूटी.

डॉक्टर हसायचे. लाज आहे, चालायचंच.

मग एका सकाळी सगळी उत्तरं आली. वार, गाव, आणि खणखणीत आवाजात "काशिनाथ."
वर भर वॉर्डात हाक, "काशिनाथ, कुठं गेलास रं?"

डॉक्टर खूश. लाज मोडली, म्हणजे तब्येत सुधारतेय. उद्या डिस्चार्ज देऊ म्हणाले.

बाबा दारात उभे होते. वादळात होडी हाकणारा माणूस, पण चेहरा पांढराफटक. ओसुद्धा दिली नाही त्यांनी.

"डॉक्टर, घरी नका धाडू. ती शुद्धीत नाय. शुद्धीत असती तर मेली असती, पण माजं नाव नसतं घेतलं."

डॉक्टरांनी ऐकलं, हे त्यांचे उपकार. पुन्हा नीट तपासलं. आईला हात पुढे धरायला सांगितले, ते लटलट हलत होते, विष मेंदूपर्यंत चढल्याची खूण. संध्याकाळी ती मलाही ओळखेना.

घरी नेलं असतं तर? हा विचार मी आजही पुरा करत नाही.

ती वाचली. बऱ्याच दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा नाव विचारलं, आणि तिनं पदर ओढला. बाबा व्हरांड्यात जाऊन रडले.

दुसरी वेळ गेल्या आठवड्यात. बोईसरचं हॉस्पिटल, किडन्या थकलेल्या. रिपोर्ट अजून यायचे होते.

आई छताकडे बघत म्हणाली, "काशिनाथ."

मी बाबांकडे पाहिलं. नव्वदी ओलांडलेत आता. आम्हा दोघांनाही कळलं.

या वेळी ते दारात थांबले नाहीत. स्टूल ओढलं, तिचा हात धरला.

"ओ. हाय मी हितंच."

ती हाक मारत राहिली, ते ओ देत राहिले. काल हाक थांबली.

आई, निवांत जा.
सुमनचा बाबा माझ्यापाशी आहे.