चौघांचा नाताळ

जगात हौसेने नाताळ करणारे पुष्कळ असतील, पण पहिल्या पाळीची ड्यूटी लागल्यासारखा नाताळ करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो सव्वीस वर्षं कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसला. नाशिकहून ओझरच्या विमान कारखान्यापर्यंत खिडकी त्याची आणि डुलक्या माझ्या, अशी आमची वाटणी होती. तो मूळचा सायखेड्याचा, गळ्यात तुळशीची माळ. ह्यांचा आणि नाताळचा संबंध काय, असं त्याच्या बायकोने मला कितीदा तरी विचारलं आहे. मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

कारखान्यात तो तपासणी खात्यात होता. विमानाचा सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा आणि केसाइतका फरक दिसला तरी परत पाठवायचा. हा रोग त्याने घरीही आणला. एखादी गोष्ट पहिल्यांदा जशी झाली तशीच ती दर वेळी झाली पाहिजे, असा त्याचा हट्ट. मग पहिल्यांदा ती चुकीची झाली असली तरी बेहत्तर. आमचं दुर्दैव असं, की आमच्या पहिल्या नाताळात जवळपास सगळंच चुकलं होतं.

त्या वर्षी आमच्याच बसमधल्या सायमनने आम्हा तिघांना शरणपूरच्या घरी बोलावलं होतं. तिघे म्हणजे मी, हा आणि पेंट शॉपमधला अन्वर. सायमनच्या आईने ह्याच्या माळेचा मान ठेवून बिनअंड्याचा केक केला होता. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून ह्याने पिंपळगावहून द्राक्षांची पेटी आणली. डिसेंबरातली कच्ची द्राक्षं ती, सगळ्यांचे दात आंबले. शिवाय पंचवटीतून झेंडूचा हार आणला आणि, शुभकार्य आहे म्हणून, तो केकलाच घातला. सायमनच्या आईने हसू दाबत केकला हात जोडले. खाताना तिच्या तोंडात एक पाकळी आली, ती बिचारीने संकोचाने गिळली. अन्वरची स्कूटर पंक्चर झाली, तो अर्धा तास उशिरा आला. झालं ते इतकंच.

दुसऱ्या वर्षी पाहतो तर हा पुन्हा हार घेऊन दारात, आणि द्राक्षं आंबट आहेत ना हे एकेक घड चाखून आणलेली. गोड द्राक्षं परत करणारं गिऱ्हाईक म्हणून पिंपळगावचे व्यापारी त्याला ओळखू लागले. पाकळी सगळ्यांनी गिळायची, ताटाच्या कडेला काढून ठेवायची नाही. एका वर्षी अन्वर चुकून वेळेवर पोचला, तर ह्याने त्याला अर्धा तास फाटकाबाहेर थंडीत उभं केलं. मी खिडकीतून पाहिलं, अन्वर कानटोपी ओढून मुकाट्याने घड्याळ बघत होता. सगळेच त्याचं ऐकायचे. मी मात्र दर डिसेंबरात काही ना काही कारण काढायचो. एकदा तर चक्क सासूबाईंना आजारी पाडलं. हा घरी आला आणि सासूबाईंनाही घेऊन चल म्हणाला.

मग सायमन गेला. आता सुटलो, असं मला वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली. पण सुटका कसली? नाताळ उचलून ह्याने आपल्या सिडकोतल्या फ्लॅटवर आणला. एक माळकरी, एक मुसलमान आणि देवाशी फारसं बोलणं नसलेला मी, असे तिघे झेंडू घातलेला केक कापायला बसलो. प्रार्थना कोणालाच येत नव्हती. सायमन म्हणायचा त्यातलं शेवटचं 'आमेन' तेवढं पाठ होतं, ते तिघांनी एकदम म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी अन्वरही गेला. त्या डिसेंबरात मी केक कापायला सुरी उचलली, तर ह्याने माझा हात धरला. "थांब की," तो म्हणाला, "अर्धा तास व्हायचाय." आम्ही दोघे बंद दाराकडे बघत अर्धा तास बसलो. मला ह्या माणसाची भीती वाटली आणि आम्हा सगळ्यांचीच कीव आली. काहीही पाळलं तरी माणसं जातातच, मग हा खटाटोप कशाला, असं मनात आलं ते पुढे वर्षभर गेलं नाही.

गेल्या नाताळला मी ठरवून गेलो. मुलगा बंगळूरला बोलावत होता. मार्चमध्ये इथलं आवरून कायमचं जायचं होतं, आणि हे ह्याला सांगायचा मला तीन महिने धीर झाला नव्हता. गुडघ्यांमुळे तो दीड वर्ष जिना उतरला नव्हता, त्यामुळे हार आणि द्राक्षं मीच घेऊन गेलो. द्राक्षं चाखूनच घेतली होती. केक झाला, आमेन झालं, आणि मी सांगून टाकलं. वर असंही म्हणालो, की आता हे बंद करू. दोघांनी कोणासाठी करायचं?

तो रागावेल असं वाटलं होतं. टेबलावरच्या पाकळ्या गोळा करत तो शांतपणे म्हणाला, "सुरू चौघांनी केलं. बंद करायचं तर चौघांनी हो म्हणाया पाहिजे. दोघं आता बोलत नाय. मंग कसं बंद करायचं, तूच सांग."

इतकी वर्षं ज्याला मी खुळा हट्ट म्हणत होतो, तो सोडून जायला आता माझंच मन होईना. त्याची बायको चहा ठेवून गेली, तो आम्ही तसाच निवू दिला.

मग त्याने विचारलं, "बंगळूरला पंचवीस तारखेला सुट्टी असती ना?"

असते, मी म्हणालो.

"मंग फुडच्या साली मीच येतो तिकडं."

"ये," मी म्हणालो. कुठल्या गाडीने यायचं, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.