पुसायचं बटण नसलेलं यंत्र

आमच्या मेव्हण्याइतका शंकेखोर माणूस पेणपासून रोह्यापर्यंत दुसरा निघायचा नाय, हे मी कुठंही उभा राहून सांगीन. त्याला देव भेटला तरी तो आधी देवाच्या मागं जाऊन वायर कुठं जोडलीय ते बघील. तो, मी आणि आमची ही, अशा तिघांनी मिळून शेवटचं काम केलं ते वालाचं बिरडं सोलायचं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकलेले, मधे परात, आणि आम्ही तिघं त्याच्या घरगाडीत. घरगाडी म्हणजे आत झोपायचं, रांधायचं, सगळं करायचं अशी मोठी गाडी. ती सात महिने माझ्या खळ्यात उभी होती. ही गाडीच्या पायरीवर बसून सोलत होती, मी आतल्या बाकड्यावर, आणि मेव्हणा ड्रायव्हरच्या जागेवर, दोन मांड्यांवर गाडीचा बिघाड शोधायची दोन यंत्रं घेऊन. आम्ही मूठभर सोलेपर्यंत त्याचा एक वाल व्हायचा, तोही दोन्ही बाजूंनी तपासून. समोर मीटरमधे इंजिनाचं चित्र असलेला नारिंगी दिवा पेटलेला. सगळं रामायण त्या दिव्याचं. तेवढ्यात ही उठली, ओले हात पदराला पुसले, कपाळावरची टिकली काढली आणि आत वाकून बरोबर त्या दिव्यावर चिकटवली. म्हणाली, "घे दादा. आता दिसतो का दिवा? नाय ना? मग चल हरिहरेश्वरला." मेव्हणा असा दचकला की मांडीवरचं एक यंत्र परातीत पडलं. "गो बाय, अलार्म झाकायचा नसतो! तीस वर्षांत मी एक अलार्म झाकला नाय!" त्यानं नखानं हळूहळू टिकली सोडवली. पण टाकली नाय, वस्तू टाकणं त्याच्यात नाय. समोरच्या आरशाच्या कोपऱ्यात लावून ठेवली. ही हसली, परातीतून यंत्र काढून त्याच्या हातात दिलं, नि परत सोलायला बसली.

तीस वर्षं म्हणाला ती धाटावच्या कंपनीतली. तिथं एका खोलीत भिंतभर दिवे असतात म्हणे, आणि त्यांच्यापुढं एक माणूस बसवलेला असतो. तो माणूस म्हणजे आमचा मेव्हणा. दिवा पेटला की भोंगा वाजायचा, ह्यानं बटण दाबायचं, भोंगा गप व्हायचा. पण दिवा मात्र खरा बिघाड निघेपर्यंत पेटलेलाच राहायचा. ह्याला ते फार पटलं होतं. निवृत्त झाला तरी डोक्यातली ती खोली काय रिकामी झाली नाय. हातात दोन घड्याळं बांधतो. दोघांत एका मिनिटाचा फरक पडला तर तिसऱ्या माणसाला वेळ विचारतो, आणि त्याच्या घड्याळावर विश्वास ठेवत नाय. चहात तापमान बघायची काचेची कांडी बुडवतो, मग पितो. तोपर्यंत चहा गार, मग म्हणतो, "बघा, कांडीनं बरोबर सांगितलं." मी भात वाळलं की नाय ते दाणा दातांखाली घेऊन बघतो. कट्ट वाजला तर वाळलं. माझ्या बापानं तेच केलं, त्याच्या बापानंही. ह्यानं ओल मोजायचं यंत्र आणलं, माझ्या कणगीत खुपसलं, आणि म्हणाला, "भावोजी, तुमच्या दाताला कॅलिब्रेशन लागेल." मी म्हटलं, "मेव्हणे, तुमच्या डोक्यालाच लागेल." तो राग मानत नाय. लिहून घेतो.

ही गाडी त्यानं पेणला घेतली. आधी ती शाळेची पोरं नेणारी मिनी बस होती. आतून घर करायचं काम दिलं ते गणपतीची मखरं करणाऱ्या एका माणसाला, कारण तोच ह्याला बरोबर काटकोनात कापणारा एकटा वाटला. त्या कारागिरानं आयुष्यभर जे केलं तेच केलं. आत खांब, खांबांना सोनेरी वेल, वर छत्री, आणि झोपायच्या जागेमागं मोर. पहिल्यांदा आडवा झालो तेव्हा मला वाटलं की आता आपली आरती करून खाडीत सोडतात. हिला मात्र आवडलं. म्हणाली, "आपल्या घरात कुठं मोर हाय?" दसऱ्याच्या सुमारास हा गाडी घेऊन पेणहून रोह्याला निघाला, नि निडीच्या अलीकडं चढावर तो नारिंगी दिवा लागला. दुसरा कुणी असता तर आणखी वीस मिनिटं चालवून घरी गेला असता. ह्यानं निडीला वळवून गाडी माझ्या खळ्यात घातली, चावी काढली, आणि म्हणाला, "बिघाड कळेपर्यंत चाक हलायचं नाय." भात झोडायचे दिवस. मी त्या गाडीच्या चहूबाजूंनी भात झोडलं.

रोह्याच्या मिस्त्रीनं येऊन कान लावला, धूर बघितला, म्हणाला, "काका, सायलेन्सरकडचा कुठला तरी सेन्सर असेल. दिवा पुसून टाकतो, बिनधास्त फिरवा." पुसून टाकतो म्हटल्यावर मेव्हण्यानं त्याला चहापण दिला नाय. बिघाडाला नंबर असतो म्हणे, त्याला कोड म्हणायचं. गाडीच्या स्टेअरिंगखाली एक खाचा असतो, तिथं यंत्र लावलं की तो कोड दाखवतं. तेव्हापासून हा यंत्र निवडायला लागला, आणि आमच्या गावातली मुलगी बघायला आलेली माणसं एवढ्या चौकश्या करत नायत. गाडी बारा व्होल्टची, मग चोवीसचं ट्रकवालं यंत्र चालेल का? नुसतं इंजिन वाचतं की ब्रेकपण वाचतं? कोड सांगून गप बसतं, की त्याचा अर्थपण सांगतं? पहिलं यंत्र आलं ते निळं, काडेपेटीएवढं, मोबाईलशी बोलणारं. ते त्यानं दोन दिवसांत नापास केलं. "तार नाय, भावोजी. हवेतून काय खरं येतं? हवेतून सर्दी येते." दुसरं तारेचं, हातात मावणारं. त्यानं कोड वेगळाच दाखवला आणि खाली लिहिलं की गाडीच्या कंपनीचं पुस्तक बघा. दोघांत तंटा, म्हणून पंच हवा. खांब गावच्या एका गॅरेजवाल्याकडून पाटीएवढं मोठं यंत्र एका दिवसासाठी आणलं. त्यानं सांगितलं, बिघाड काही नाय. आणि दिवा समोर पेटलेला! मेव्हणा त्या दिवशी जेवला नाय.

पण त्याची खरी अडचण वेगळीच होती. प्रत्येक यंत्रावर कोड पुसायचं एक बटण असतं. दाबलं की दिवा विझतो, बिघाड आत तसाच. मेव्हण्याला पुसायचं बटण नसलेलं यंत्र पाहिजे होतं. दुकानदारांना फोन करून विचारायचा. एक जण म्हणाला, "काका, लोक ते बटण हाय का म्हणून विचारतात. तुम्ही पहिलेच, नाय का म्हणून विचारणारे." ह्यानं शांतपणे सांगितलं, "बटण असलं की माणूस एक दिवस दाबतोच." शेवटी जी यंत्रं होती त्यांच्या बटणांवर त्यानं जखमेला लावायची पट्टी चिकटवली. एकावर एक तीन पट्ट्या. यंत्रांना फोड आल्यासारखं दिसायचं.

यंत्र बरोबर चालतं की नाय ते कळायला ते चांगल्या गाडीला लावून बघायला पाहिजे, असा त्याचा हिशोब. त्यामुळं निडीत एकही चांगली गाडी उरली नाय. रिक्षावाले, टेम्पोवाले, सगळे खळ्यात यायचे, कोड ऐकायचे आणि आजारी तोंडं करून परत जायचे. गाड्या चालत होत्या त्या तशाच चालत राहिल्या, फक्त मालकांची झोप गेली. पेणला त्याच्या पुतणीचा साखरपुडा होता. मुलाकडचे नव्या गाडीतून आले. हा बाहेर जाऊन ड्रायव्हरशी गोड बोलला, यंत्र लावलं, आणि ओटी भरायच्या वेळेला मांडवात येऊन मोठ्यानं म्हणाला, "अकरा निघाले! अकरा दोष!" मुलाचा बाप पांढरा पडला. त्याला वाटलं मुलीकडच्यांनी मुलाची माहिती काढून आणली. शेवटी आमची ही पुढं झाली नि म्हणाली, "गाडीचे हो, गाडीचे. मुलाला अजून यंत्र लावलं नाय." मांडव हसला आणि लग्न वाचलं. परतताना ही दादाला म्हणाली, "अकरा काय घेऊन बसलास? ह्यांना लाव एकदा, कागद पुरायचा नाय." ह्यांना म्हणजे मला.

तिचं मागणं काय फार नव्हतं. आम्हाला मूलबाळ नाय. चाळीस वर्षं रोज सकाळी तिनंच चूल पेटवली नि पहिला कप माझ्या हातात दिला. हरिहरेश्वर तिनं एकदा बघितलं होतं, बायकांबरोबर ट्रकात, उभ्या उभ्या. तिला म्हणे तिथं गाडीतच झोपायचं होतं, नि दादानं नेतो म्हणून शब्दही दिला होता. सकाळी उठावं, दार उघडावं तर समोर समुद्र, नि कुणीतरी आयता चहा हातात द्यावा. मी म्हणायचो, दादा देईल, कांडी बुडवून. ती म्हणायची, "गार का असेना." सात महिने तिनं त्या उभ्या गाडीत संसार मांडला. टपावर वाल वाळवले, पापड वाळवले. बोनेटखाली कोंबडी अंड्यावर बसली तेव्हा मेव्हण्याला कोंबडी उठेपर्यंत यंत्र लावू दिलं नाय. तो रोज रोह्याहून स्कूटरवरून यायचा, तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टापण बांधायचा, आकडा वहीत लिहायचा, आणि म्हणायचा, "बाय, तू एकदम ओके." मग गाडीत जाऊन दिव्याकडं बघत बसायचा.

बिरडं सोललं त्याच्या दोन दिवसांनी ही गेली. विहिरीवरून कळशी घेऊन आली, दम लागला म्हणाली, ओटीवर टेकली. मी पाणी आणेपर्यंत संपलं होतं. त्याच्या रक्तदाबाच्या पट्ट्यात आलं नाय, नि माझ्या दोन डोळ्यांतही आलं नाय. लोक म्हणाले, सुखानं गेली, सवाष्ण गेली. सुखानं गेली असं म्हणणाऱ्याला एकदा माझ्या स्वयंपाकघरात उभा करा.

तिसऱ्या दिवशी सावडलं. अस्थी गाडग्यात घातल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि रीतीप्रमाणं घराबाहेर, खळ्याकडेच्या आंब्याच्या फांदीला टांगलं. खाली गाडी, वर ती. मेव्हणा रोज यायचा. पट्टा बांधायला कुणी नव्हतं, म्हणून नुसताच बसायचा. आठव्या दिवशी मी विषय काढला. आमच्याकडं दहाव्याच्या आत अस्थी हरिहरेश्वरला पोचवतात. मी म्हटलं, "मेव्हणे, उद्या निघू. तुमच्या गाडीतून. तिला शब्द दिलेला हाय." तो खाली बघत म्हणाला, "गुरुवारपर्यंत थांबाल का भावोजी? नवं यंत्र येतंय. सगळं वाचणारं. एकदा कोड कळू दे. बाय गाडीत असणार, रस्त्यात काय झालं तर?"

गुरुवार म्हणजे अकरावा दिवस.

चाळीस वर्षं मी त्याला अहोजाहो केलं. त्या दिवशी ते सुटलं. "तू यंत्र निवडतोस आणि ती पायरीवर बसून राहते! सात महिने बसली. आता त्या फांदीवरपण बसवतोस? काय व्हायचं राहिलंय तिचं रस्त्यात? मला भाड्याची गाडी मिळते. तू बस तुझ्या मोराखाली." एवढं बोलून मला वाटलं की तो वहीत लिहून घेईल. त्यानं वही काढली नाय. दोन्ही घड्याळांकडं एकदा बघितलं, स्कूटरला किक मारली आणि चहा न घेता गेला. मी रोह्याच्या एका गाडीवाल्याला फोन करून सकाळी दहाला यायला सांगितलं. बरं वाटायला पाहिजे होतं, वाटलं नाय. तो गेल्यावर खळ्यात आवाजच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीशी बसून काटक्या पेटवत होतो. मला अजून नीट पेटवता येत नाय. तेवढ्यात खळ्यात इंजिन चालू झालं. सात महिन्यांनी. टपावरून वाळलेला एक पापड घरंगळून खाली आला, कोंबड्या ओरडत पांगल्या. मी बाहेर आलो तर स्कूटर आंब्याला टेकवलेली, तिन्ही यंत्रं माझ्या ओटीवर एकावर एक ठेवलेली, पट्ट्यांसकट. निळं, तारेचं आणि गॅरेजवाल्याकडून पुन्हा मागून आणलेलं. मेव्हणा ड्रायव्हरच्या जागेवर, आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून. पायरी धुतलेली होती. बाजूच्या सीटवर त्यानं पाट ठेवला होता, त्याच्यावर घडी घातलेलं नवं फडकं, गाडगं ठेवायला. मागं शेगडीजवळ चहाची पूड, साखर आणि तीन कप. तापमानाची कांडी मला कुठं दिसली नाय.

मी दारातून वाकून आत बघितलं. आरशाचा कोपरा रिकामा होता. खाली मीटरमधे, दिव्याच्या जागी, लाल टिकली. ती जराशी लहान पडत होती. कडेनं नारिंगी उजेडाची बारीक रेघ दिसत होती.

मी विचारलं, "दिवा गेला का हो?"

"नाय," मेव्हणा म्हणाला. त्यानं पाटावरचं फडकं सारखं केलं. "हाय तो. चला."

मी आंब्याखाली गेलो आणि फांदीची गाठ सोडली.