खदानीतलं जेवण

बाबा कोळशाच्या खदानीतून निवृत्त झाले आणि काही वर्षांनी वणीबाहेर, चंद्रपूरच्या रस्त्यावर, खदानीसारखं सजवलेलं एक हॉटेल निघालं. आत शिरायला बोगदा, भिंतींना काळा रंग, कोपऱ्यात कोळसा भरलेली ट्रॉली आणि वेटरांच्या डोक्यावर दिवा लावलेल्या टोप्या. तिथलं सिझलर चांगलं असतं, असं ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं होतं. मी यवतमाळला नोकरी करते, सुटीला वणीला घरी येते. बाहेर जेवायचं म्हटलं की फोनवर लोकांनी दिलेले तारे आधी बघते आणि जेवून आल्यावर माझेही देते. तशीच एका रविवारी आईबाबांना घेऊन निघाले.

बाबांची इच्छा नव्हती. "जनम त्याच्यातच काढला. आता जेवाले बी तिथंच जायचं?"

"मले तर पाहू द्या," आई म्हणाली. "मी कुठं पाह्यली खदान?"

तिने खरंच पाहिली नव्हती. खाली बाहेरच्या माणसाला सोडत नसत. क्वार्टरमध्ये राहून तिला खदान कळली ती बाबांच्या कपड्यांवरून. तिसऱ्या पाण्यातही काळं निघायचं. बाबा घरी कामाचं काही बोलत नसत. कोणी विचारलं तर "चालू आहे" एवढंच सांगायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे.

बोगद्याच्या तोंडाशी बाबा थांबले. त्यांनी खिशातून बिडीचं बंडल आणि माचिस काढली आणि दारावरच्या वेटरपुढे धरली.

"काका, याचं काय करू?" तो गोंधळला.

बाबांच्या लक्षात आलं. त्यांनी दोन्ही वस्तू खिशात परत टाकल्या आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "खाली उतराच्या आधी झडती होये. माचिस वरच ठेवा लागे."

आत एसी जोरात होता. मेनूकार्डावर सूपच्या वर 'पहिली पाळी' लिहिलं होतं, जेवणाच्या वर 'दुसरी पाळी' आणि आइस्क्रीमच्या वर 'रात्रपाळी'. मला ते जरा अतिच वाटलं. बाबांनी वाचलं आणि कार्ड माझ्याकडे सरकवलं. मी तिघांसाठी चिकन स्टेक सिझलर सांगितलं. बाबांनी पोळी मागितली. सिझलरसोबत पोळी येत नाही, असं वेटर म्हणाला. आईने तोंड वाकडं केलं.

सिझलर आलं ते मोठ्याने चरचरत. लोखंडी तव्यावरून धुराचा लोट उठला आणि आमच्या टेबलावर पसरला. बाबा एकदम उभे राहिले. खुर्ची मागे सरकली. आईने त्यांचा हात धरला. "बसा. सैपाकाचा धूर होय."

ते बसले. पण तव्याची चरचर थांबेपर्यंत त्यांनी जेवणाला हात लावला नाही.

आता जेवणाचं. स्टेक म्हणजे ठेचून चपटा केलेला कोंबडीचा तुकडा होता. मधे बरा, कडेला वातड. वरचा तपकिरी रस्सा गोडसर, आणि त्यात बुडून बटाट्याचे काप मऊ पडलेले. उकडलेल्या भाज्या चांगल्या होत्या, विशेषतः गाजर. आई काट्याने तळाचं पत्ताकोबीचं जळकं पान उचलत होती. ते खायचं नसतं, मी सांगितलं.

"मंग ठेवलं कायले?" ती म्हणाली.

मग तिने काटा ठेवला, भिंतीकडे पाहिलं, वरच्या काळ्या छताकडे पाहिलं, आणि बाबांना विचारलं, "असंच असते का खाली?"

मला वाटलं, ते आता "चालू आहे" म्हणतील. टीव्ही तिथे नव्हता.

"नाई," बाबा म्हणाले. "खाली गरमी राहे. आन् असा उजेड कुठं? दिवा बंद केला तं आपला हात आपल्याले दिसत नाई."

"मंग डबा कसा खात होते?"

"टोपीच्या दिव्यात. खाली बसून." त्यांनी तव्यावरचा बटाटा बाजूला सारला. "उंदरं येत."

"उंदरं?"

"लय मोठाले. आम्ही त्याहिले हाकलत नव्हतो. उंदीर फिरून राह्यला म्हंजे वरचं छत ठीक आहे. तो पळाला का आपण बी पळाचं. म्हणून जो तो आपल्या डब्यातलं टाके."

आई सावकाश म्हणाली, "तुम्ही रोज एक पोळी जास्तीची मागत. आन् तरी घरी येत ते भुकेलेच."

"हो."

"म्हंजे मी इतके वर्ष उंदरासाठी पोळ्या लाटल्या?"

बाबा हसले. आई हसली नाही. तिचे डोळे भरले होते, आणि रागही आला होता. "सांगाचं नाई का? दोन लाटल्या असत्या."

"सांगतलं असतं तं तू घाबरली असती."

"मी तशीबी घाबरतच होती," ती म्हणाली.

बाबांनी आपल्या तव्यावरची गाजरं तिच्या ताटात वाढली. मग ती एकेक विचारत गेली. पाणी प्यायला कुठे, सोबत कोण असायचं. बाबा सांगत गेले. माझं सिझलर गार झालं. आइस्क्रीम आलं तेव्हा ते एका पावसाळ्यात खाली पाणी भरलं होतं त्याबद्दल बोलत होते. ती गोष्ट मलाही पहिल्यांदाच कळली.

घरी आल्यावर मी तीन तारे दिले. जागा स्वच्छ, माणसं नम्र, भाज्या चांगल्या, स्टेक वातड, रस्सा गोड, असं लिहिलं. आईने विचारलं, किती देता येतात? पाच, म्हटलं. "मंग पाच दे," ती म्हणाली. जेवण आवडलं का, असं विचारलं तर म्हणाली, "जेवण काही नाई तिथलं."

आता मी सुटीला आले की आई तिथेच जायचं म्हणते. घरी विचारून तिने पाहिलं, बाबा टीव्ही लावतात. तिथे मात्र बोलतात. आम्ही सिझलर मागवत नाही. सूप आणि नान सांगतो, आणि शक्यतो ट्रॉलीजवळचं टेबल धरतो, कारण तिथे गाण्यांचा आवाज कमी येतो.