साखरबाईंच्या लिंका

मला लिहायची सवय नाही. तारापूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. तिथे लिहिलं ते एवढंच, की बोल्ट अमुक नग आले आणि ग्रीस तमुक किलो गेलं. पण आमच्यापासून दोन घरं सोडून राहणाऱ्या साखरबाईंबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. ज्यांना चांगलं लिहिता येतं ते सगळे कामात आहेत, म्हणून मी बसलो आहे.

केळव्याकडच्या आमच्या किनाऱ्यावर सुकी मासळी म्हटलं की साखरबाई. वय चौसष्ट, आवाज बंदरावरून वाळूच्या टोकापर्यंत जाणारा. त्यांच्याबरोबर आणखी तेरा बायका बोंबील, करंदी आणि जवळा सुकवतात. पावसाळ्याचे महिने पुरेल एवढी मासळी, डाळ, मसाला घरात भरून ठेवण्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. खरा धंदा एप्रिल-मेमधल्या त्या आगोटीचा. तोवर माल गेला नाही तर त्याला ओल लागते. व्यापाऱ्याला हे पक्कं ठाऊक. तो मेच्या शेवटी टेम्पो घेऊन येतो, मूठभर जवळा उचलून नाक मुरडतो आणि निम्म्या भावात सगळं उचलतो. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

साखरबाईंची सून मेघाली सफाळ्याची. बोईसरला एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसते. तिने या चौदा जणींसाठी वेबसाइट काढली. पहिले काही महिने तिथे कुणी फिरकलं नाही. साखरबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "आज कोण आलं?" जसं काही ओट्यावर पाहुणा यायचा होता.

मेघालीने त्यांना समजावलं, "आई, लोक गूगलवर शोधतात. दुसऱ्यांच्या वेबसाइटवरून आपल्याकडे लिंक असेल, म्हणजे चार जण आपल्याकडे बोट दाखवत असतील, तर गूगल आपल्याला वरती धरतं."

"बोट दाखवायचं ना? मग आधी नाय का सांगायचं!"

साखरबाई दुसऱ्या दिवसापासून सुटल्या. हळदीला, बारशाला, बोईसरच्या बाजारात, जिथे माणूस भेटेल तिथे एकच प्रश्न. "तुझी वेबसाइट हाय काय? मग आमची लिंक टाक." माकुणसारच्या प्रताप मांडववाल्याने टाकली. मनोरला टायरचं दुकान असलेल्या बन्सीशेठने टाकली. बोईसरच्या जिमवाल्याने, मोटार शिकवणाऱ्याने, दातांच्या डॉक्टरने टाकली. साखरबाईंना नाही म्हणायची कुणाची छाती आहे?

पण घेतलं की द्यायचं, हा आमच्या वाड्यातला नियम. शेजारून वाटीत कालवण आलं तर वाटी धुऊन रिकामी पाठवत नाहीत, निदान चार आमसुलं तरी घालतात. साखरबाईंनी मेघालीला सांगून टाकलं, "त्यांनी आपली टाकली, आपण त्यांची टाकायची." मेघालीने 'आमची माणसं' नावाचं पान केलं. बघता बघता त्यावर एकशे बारा नावं झाली. बोंबलाच्या वेबसाइटवर टायर, दात, जिम, मांडव. मेघालीला आतून शंका येत होती, पण वेबसाइट खरंच वर चढत होती, ऑर्डरी येऊ लागल्या होत्या आणि सासूबाई खूश होत्या. ती नावं चढवत राहिली.

गणपतीच्या आसपास ऑर्डरी अचानक बंद झाल्या. पहिल्या पानावर दिसणारी आमची वेबसाइट सहाव्या पानावर गेली. मेघालीने दोन रविवार बसून वाचलं आणि सासूबाईंना समोर बसवलं. मी तेव्हा पेपर परत द्यायला गेलो होतो, म्हणून ऐकलं.

"आई, आपण तू मला, मी तुला केलं. वर चढण्यासाठी अशी अदलाबदल केलेली गूगलला चालत नाही."

"का? गूगलला शेजारीपाजारी नाय काय?"

"समजा बाजारात शेजारची बाई गिऱ्हाइकाला म्हणाली, साखरबाईचे बोंबील चांगले. लगेच तुम्ही म्हणालात, हिची कोलंबी चांगली. गिऱ्हाईक कुणाचं ऐकेल?"

साखरबाईंचा आवाज एकदम खाली आला. हे क्वचितच घडतं, म्हणून मीही पेपर हातात धरून उभाच राहिलो. त्या म्हणाल्या, "तो बन्सी तर माळकरी हाय. त्यानं आयुष्यात बोंबील चाखला नाय, आणि मी त्याच्याकडून बोट दाखवून घेतलं."

उपाय सरळ होता. ते पान काढायचं, आणि ज्यांनी उगाच लिंक दिली त्यांनाही ती काढायला सांगायचं. मेघाली म्हणाली, मी सगळ्यांना मेसेज टाकते. साखरबाई उसळल्या. "माणसाचं नाव पुसायचं आणि ते मेसेजवर? मी स्वतः जाईन." चौदा जणींचा माल यंदाही व्यापाऱ्याच्या टेम्पोत जाऊ द्यायचा नव्हता, आणि माणसंही तोडायची नव्हती. दोन्ही कसं जमणार, मला तर काही सुचत नव्हतं.

यादी वाचायला आणि खुणा करायला त्यांनी मला बरोबर घेतलं. दसऱ्यानंतर पंधरा दिवस आम्ही रिक्षाने फिरलो. नमस्कार झाला की त्यांचा एकच प्रश्न असे. "माझी मासळी खाल्लीस काय?"

नाही म्हटलं की त्या समजावत, लिंक काढ बाबा, माझ्याकडची तुझी पण काढते, राग धरू नको. बोईसरचा जिमवाला हात जोडून म्हणाला, "मौसी, मैं तो अंडा भी नहीं खाता. आपने बोला, तो डाल दिया." साखरबाई रिक्षात बसून सातपाटीच्या फाट्यापर्यंत हसत होत्या. बन्सीशेठने चहा पाजला आणि उलट सुटल्यासारखा चेहरा केला. टायर घ्यायला आलेली माणसं त्याला जवळ्याचा भाव विचारत होती म्हणे.

अडचण आली ती प्रतापकडे. घरचाच म्हणून साखरबाईंनी तिथे प्रश्न न विचारताच नाव काढल्याचं सांगून टाकलं. मांडवाचे बांबू मोजता मोजता तो थांबला.

"म्हणजे मावशी, माझं नाव तुमी काढून टाकलं? उद्या जावयाला पण काढाल."

"जावई निदान खातो तरी माझे बोंबील."

"आणि मी काय खात नाय? गेल्या साली अकरा हळदींना बाजारात तुमच्या बायांकडून घेऊन तुमचाच सुका जवळा वाढला मी! लोक बोटं चाटत होते. विचारा कुणालाही!"

साखरबाई माझ्याकडे बघू लागल्या, मी यादीकडे. आम्हाला दोघांनाही कळेना. शेवटी मेघालीला फोन लावला. ती म्हणाली, "त्यांचं राहू द्या की! त्यांनी खरंच वापरलंय. हळदीला काय वाढलं, मासळी कुठून घेतली, हे त्यांच्या पानावर त्यांनी मनापासून लिहावं. आपल्याकडून उलट नाव नको, एवढंच."

प्रतापने चार दिवसांत आपल्या अकरा हळदींचं सविस्तर वर्णन टाकलं, वाढप्यांच्या फोटोसकट. एकशे बारा जणांत खरोखर खाल्लेले निघाले फक्त नऊ.

"नऊच?" मी जरा हताश होऊन म्हणालो.

"नऊ खरे," साखरबाई म्हणाल्या. "बाकीचे मी ओढून आणलेले."

मग मेघालीने दुसरं काम काढलं. बाजारात गिऱ्हाईक आलं की साखरबाई जे फुकट शिकवतात, ते सगळं वेबसाइटवर घालायचं. बोंबील मोडल्यावर कसा आवाज यावा, जवळ्यात वाळू आहे का ते पाण्यात कसं बघावं, कुठल्या महिन्यात काय सुकवतात, पावसाळ्यात डबा कुठे ठेवावा. त्या बोलायच्या आणि मी लिहून घ्यायचो. मी 'बोंबील, मध्यम, कोरडे' असं लिहिलेलं वाचून मेघाली म्हणाली, "काका, ही पावती नाही. आई बोलतात तसंच लिहा." माझी निम्मी पानं तिने पुन्हा लिहिली, आणि ती बरोबर होती.

डिसेंबरात ते वेबसाइटवर चढलं. महिनाभर काही झालं नाही. मग पुण्यात स्वयंपाकावर लिहिणाऱ्या एका बाईंनी आपल्या वाचकांना सांगितलं, सुकी मासळी पारखायची तर हे वाचा, आणि खाली आमची लिंक. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढे मासेमारीचं शिक्षण देणाऱ्या एका कॉलेजच्या पानावर आमचं नाव आलं. मेघाली ऑफिसातून आली ती चप्पल न काढताच घरात नाचली.

साखरबाई मात्र बेचैन झाल्या. पुण्याच्या बाईंनी दिलं आणि आपण काहीच दिलं नाही, हे त्यांना पचेना. त्यांनी गुपचूप दोन किलो सोड्यांचं, म्हणजे सोलून सुकवलेल्या कोलंबीचं, पार्सल बांधलं. मेघालीने ते दारातच अडवलं.

"आई, लिंकच्या बदल्यात वस्तू देणं पण नियमात बसत नाही."

"हा नियम कुणी केला? त्याच्या आईनं त्याला काय शिकवलं?"

तीन दिवस त्या ताटावरून अर्धपोटी उठल्या. चौथ्या दिवशी त्या पुण्याच्या बाईंचाच फोन आला. करंदी भिजवावी की भाजावी, एवढंच विचारायचं होतं. साखरबाई सव्वा तास बोलल्या. मध्ये उठून चूल पेटवली, करंदी भाजली आणि तिचा आवाज फोनवर ऐकवला. बोलण्यावर गूगलची बंदी नव्हती. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

मेघाली म्हणत होती की खात्री काही नाही, वेळ लागेल. मार्चमध्ये आम्ही दुसऱ्या पानावर आलो. एप्रिलच्या सुरुवातीला पहिल्या पानावर, वरून चौथे. मग नाशिक, नागपूर, पुणे, बडोदा, जिथून तिथून आगोटीच्या ऑर्डरी सुरू झाल्या. चौदा जणी ओटीवर बसून पाकिटं भरत होत्या आणि एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढत होत्या. मेघाली समोरच होती, तरी तिचीही काढली.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात व्यापाऱ्याचा टेम्पो आला. सवयीने तो खाली उतरला आणि मूठ भरायला पोतं शोधू लागला. पोतं नव्हतं.

"काय साखरबाई, यंदा मासळी नाय मिळाली?"

"मिळाली ना. गेली पण. पुढल्या सालचा माल हवा तर आधीच ये. दिवाळीत ये, आणि भाव विचारून ये."

तो रिकामा टेम्पो वळवून निघून गेला. बायका टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवल्या, जरा हळू.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन आमच्या घरची आगोट आणायला गेलो. गेली पंचवीस वर्षं मी त्यांच्याकडूनच नेतो.

"भाऊ, उशीर केलात. एक बोंबील उरला नाय."

"अहो, पण मी शेजारचा..."

"नागपूरची बाय महिनाभर आधी सांगून मोकळी झाली. तुमी दोन घरं सोडून राहता, सगळं लिहून पण घेतलंत तुमी. मोबाईल उघडायला तुमाला काय झालं होतं?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घातली. मेघाली आत तोंडाला पदर लावून हसत होती. यंदाची आमची आगोट पालघरच्या बाजारातून आणली.