खोली मोकळी करायचा दिवस

हे लिहायला बसलो तेव्हा आधी माफी मागावीशी वाटली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. लिहिणं म्हणजे आमच्याकडे अर्ज लिहिणं, आणि त्यावरही सही करताना वडील समोरच्याला विचारणार, "इथंच ना?" अशा घरातल्या मुलाने भाड्याच्या एका खोलीबद्दल पानं भरावीत आणि ती आपण वाचावीत, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. पण ही गोष्ट कोणाला तरी सांगायला हवी असं वाटत राहतं, आणि घरात ती आता कोणी काढत नाही.

आमची खोली हिंजवडीला होती. कंपन्यांच्या बसेस जिथं वळतात तिथून आत गेलं की एका अंगणाला धरून पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. पूर्वी तिथं भाताची खाचरं होती म्हणे. ती ज्यांची होती तेच आमचे मालक. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. अंगणाच्या टोकाला त्यांचा दुमजली बंगला होता. वडील एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत होते आणि आई डबे करायची. आसपासच्या इमारतींमध्ये राहणारी कंपन्यांतली मुलं सकाळी बस पकडायला निघाली की आमच्या दारातून डबा उचलायची आणि रात्री रिकामा आणून ठेवायची. आईला डबा पोचवायला कधी कुठे जावं लागलं नाही. दार त्या वाटेवर होतं, म्हणून धंदा होता. माझी फी, बहिणीची शाळा, सगळं त्या दारावर चाललं होतं.

नळाजवळ आप्पांनी एक पत्र्याचा बोर्ड लावला होता. पाणी जपून वापरावे. पाहुणे मुक्कामी ठेवू नयेत. भिंतीला खिळे ठोकू नयेत. भाडे वेळेवर द्यावे. मालकांचा निर्णय अंतिम राहील. माझी धाकटी बहीण जोडाक्षरं वाचायला त्याच बोर्डावर शिकली. मालकाने काय करायचं असतं, याची एकही ओळ त्यावर नव्हती. आम्हीही ती कधी शोधली नाही. घर ज्याचं, नियम त्याचे, असंच आम्हाला वाटायचं.

राहायला आलो तेव्हा आप्पांनी आमचे फोटो आणि आधारकार्डाच्या झेरॉक्स मागून घेतल्या. "चौकीत द्याव्या लागत्यात. भाडेकरूची माहिती सरकारला कळवायची, असा नियम हाय." वडिलांना त्याचं अप्रूप वाटलं होतं. आपण या गावचे झालो, सरकारदरबारी नोंद झाली, असं ते मामाला फोनवर सांगत होते. आमची माहिती सरकारकडे गेली. उलट दिशेने आमच्यासाठीही काही येणं होतं का, हे विचारायला हवं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

खोलीचा कागद मात्र झाला नाही. आईने सुरुवातीला एकदा चाचरत विचारलं होतं. आप्पा हसले. "ताई, कागद परक्यात करत्यात. आपल्यात शब्द हाय की." एवढ्या मोठ्या माणसाने आपल्याला परकं मानलं नाही, याचाच आईला आनंद झाला. पुन्हा विचारणं म्हणजे त्यांच्या शब्दावर संशय घेणं, म्हणून तो विषय तिथंच मिटला.

त्याऐवजी होता खोली मोकळी करायचा दिवस. दर अकरा महिन्यांनी रांगेतल्या प्रत्येकाने एक दिवस सगळं सामान अंगणात काढायचं. आप्पा रिकाम्या खोलीला स्वतःचं कुलूप लावायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून द्यायचे. "भाडेकरू सलग राहिला की खोली त्याची होती, असं वकील म्हनला. म्हनून एक दिस पाव्हन्यासारखं बाहेर बसायचं. मी काय करनार, सरकारनंच सांगितलंय." सरकारने असं काही सांगितलं नव्हतं. पण इतकी वर्षं रांगेतली सगळी माणसं ते करत होती, आणि सगळ्यांनी केलेली गोष्ट नियमच वाटते.

खरं सांगायचं तर तो दिवस आम्हाला वाईट वाटायचा नाही. आई आदल्या दिवशी पोह्यांचा चिवडा करायची. देव सगळ्यात शेवटी बाहेर यायचे आणि सगळ्यात आधी आत जायचे. पलंग अंगणात आला की बहीण त्यावर उड्या मारायची, घरात तेवढी जागा नव्हती. डबे शेजारच्या काकूंच्या गॅसवर व्हायचे. काकू म्हणायच्या, "बघा, वर्षातून एकदा तरी तुमच्या घराला हवा लागते." आप्पा गॅलरीत उभे राहून ओरडायचे, "ताई, समदं काढलं ना? चमचासुद्धा ऱ्हायला नाय पायजे!" आणि आई खरंच आत जाऊन कोपरे बघून यायची.

शेवटच्या वेळीही तिने कोपरे बघितले. खोली झाडून घेतली, फरशी पुसली. कुलूप लावायला आप्पा आले नाहीत, त्यांचा मुलगा आला. आम्हाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई किल्लीची वाट बघत देवांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मुलगा मोबाइल बघत आला.

"मावशी, आता आत नाही जायचं. सगळी लाइन पाडायची आहे. इथं पोरांसाठी हॉस्टेल होतंय, प्लॅन पास झालाय."

आईला वाटलं तो चेष्टा करतोय. "अरे, उद्याचे डबे आहेत माझे. आप्पांना बोलाव बघू."

"आप्पा घरात नाहीत."

वरून आप्पांच्या खाकरण्याचा आवाज आला. तो आवाज अख्ख्या रांगेला पाठ होता. मुलानेही तो ऐकला, पण मान वर केली नाही.

मी पुढे झालो. माझा आवाज मलाच बारीक लागत होता. म्हटलं, "दादा, असं अचानक कसं? काहीतरी मुदत असेल ना, नोटीस वगैरे..."

"कॉलेजला जातोस ना तू?" तो म्हणाला. "मग कागद दाखव. करार कुठंय तुझा?"

मी मागे वळून बघितलं. अंगणात आमच्या पातेल्यांचे ढीग होते, गाद्या होत्या, बहिणीचं दप्तर होतं. कागद नव्हता.

"नाही ना? मग विषय संपला. टेम्पो मी सांगतो हवं तर."

वडील गणवेशातच चौकीवर गेले, मी त्यांच्या मागे. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "सामान बाहेर कोणी काढलं? मालकाने फेकलं?"

"नाही साहेब. आम्हीच काढलं."

"कुलूप लागलं तेव्हा आत काय होतं तुमचं?"

"काही नाही."

"म्हणजे खोली तुम्ही सोडलीत. स्वतःच्या हाताने. अहो, मग आम्ही कोणाला धरून आणायचं? तुम्हाला?"

वडील उगाचच हसले. मोठ्या माणसाने विनोद केला की ते हसतात. परतताना वाटेत ते एकदाच बोलले, "आपलीच चूक. आपण कागद नाही करून घेतला." ते वाक्य त्या दिवसापासून आमच्या घरात राहायला आलं.

मामाने लोणी काळभोरला एक खोली बघून दिली. हिंजवडी शहराच्या एका टोकाला, लोणी दुसऱ्या. आईने निघण्याआधी एकेका मुलाला फोन करून सांगितलं, उद्यापासून डबा नाही. एकाने विचारलं, "मग परवापासून?" तिने नुसता फोन ठेवला. नव्या खोलीचं दार एका गोदामाच्या भिंतीवर उघडतं. तिथून सकाळी कोणी जात नाही. आई आता एका कॉलेजच्या मेसमध्ये पोळ्या लाटते, दुसऱ्याच्या पिठाच्या. घरी आली की आमच्यापुरत्या चार करायचाही तिला कंटाळा येतो. वडिलांनी गेटची नोकरी काही दिवस ओढली, मग प्रवासाने थकून सोडली. बहिणीची शाळा मधेच बदलली. ती पूर्वीसारखं मोठ्याने वाचत नाही. चिवडा पुन्हा झाला नाही. कधी भांडण निघालं की शेवट तिथंच होतो. आई म्हणते, "मी विचारलं होतं एकदा." वडील म्हणतात, "पुन्हा विचारायचं होतंस." मी दोघांमध्ये बसून असतो. कागद दाखव म्हटल्यावर ज्याला उत्तर देता आलं नाही असा, घरातला शिकलेला.

आमच्या अभ्यासक्रमात कायद्याचा एक पेपर आहे. परवा त्या तासाला सर भाड्याच्या जागांचा धडा भराभर उरकत होते. पुढच्या बाकांवर लिहून घेणं चाललं होतं, मागे कोणीतरी वडापावचा कागद उलगडत होतं. सरांनी विचारलं, "करार लेखी करून त्याची नोंदणी करून घ्यायची जबाबदारी कोणाची?"

मी मनात म्हटलं, आमची.

"मालकाची," सर म्हणाले. "भाडेकरूची नाही, मालकाची. लिहा. न केल्यास मालकाला शिक्षेची तरतूद आहे. आणि नोंदवलेला करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं, मालक उलटं सिद्ध करेपर्यंत. झालं लिहून? पाच मार्कांना येतं हे."