कोड ४०७२० आणि ग्रहणातला कोबी

नाशिकच्या एका हॉस्पिटलात, मेडिक्लेमच्या खिडकीपाशी, आईने एका अनोळखी माणसाला तेच वाक्य दोनदा बोलायला लावलं होतं. दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल... अजून डोक्यातून जात नाही.

माझा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला. लहानपणी मनमाडच्या एका मोफत शिबिरात शिवला, पण वाढत्या वयात व्रण ओढला गेला आणि ओठ एका बाजूने वर चढला. पाणी पिताना हनुवटीखाली रुमाल धरावा लागतो, आणि फोटोत मी कायम दुसरीकडेच बघत असते.

आणि नशिबाची थट्टा बघा... नोकरी लागली ती सातपूरच्या एका ऑफिसात, अमेरिकेतल्या हॉस्पिटलांची बिलं कोड करायची. तिकडे प्रत्येक ऑपरेशनला एक नंबर. ४०७२० म्हणजे आधी शिवलेला ओठ पुन्हा उघडायचा, मूळची फट होती तशी करायची आणि नव्याने जुळवायची.

तिकडच्या पोरांच्या अशा फायली मी भराभर पुढे सरकवायचे. एकेकाचं दोन-दोनदा, तीन-तीनदा व्हायचं हो. हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू!

मग कंपनीने आमचाही मेडिक्लेम काढला. सर्जन म्हणाले, होईल, चांगला होईल ओठ. तेव्हापासून मी आरशासमोरून हलेना, आणि आईचा जीव खालीवर. “परत फाडणार व्हय गं?” एवढंच ती विचारत राहायची.

तिच्या भीतीला कारण होतं. आमचा मखमलाबादला भाजीपाल्याचा मळा. मी पोटात असताना, सातव्या महिन्यात, ग्रहण लागलं. कोबी मार्केटला जायचा होता म्हणून माझ्या आजीनेच, म्हणजे आईच्या सासूनेच, तिला विळा देऊन वाफ्यात धाडलं.

माझं तोंड बघितल्यावर मात्र हीच आजी गावभर सांगत सुटली, हिने ग्रहणात कापलं आणि पोरीचा ओठ चिरला. वडील गप्प बसले. तेव्हापासून दर ग्रहणाला आई दार लावून, हात मांडीवर ठेवून नुसती बसून असायची.

तर त्या दिवशी खिडकीतल्या माणसाने माझे कागद चाळले आणि परत सरकवले. “मॅडम, हे जन्मजात आहे. बाहेरून दिसणारा जन्मजात दोष पॉलिसीत बसत नाही.”

मी वाद घातला. अमेरिकेत हाच कोड रोज मंजूर होतो, मी स्वतः बघते, म्हटलं. “मग अमेरिकेत करा ना,” तो म्हणाला. रांगेत कोणीतरी हसलं.

पदरमोड करून ऑपरेशन करायची आमची ऐपत नव्हती. विषय तिथेच संपला.

तेवढ्यात आई पुढे झाली. “दादा, जन्मजात म्हंजे कुणी केलेलं नाय का?”

त्याला बहुतेक जेवायला उठायचं होतं. “नाही हो मावशी. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पोटातच ओठ जुळतो. तेव्हा नाही जुळला तर नाही, त्याला कोण काय करणार?”

“सातव्यात नाय?”

“सातव्यात कुठलं! तोवर सगळं झालेलं असतं.”

हे मलाही तोवर माहीत नव्हतं. आमच्या कोडच्या पुस्तकात ऑपरेशन असतं, कारण नसतं.

आईने खिडकीचा कठडा घट्ट धरला. “परत सांगा. मोठ्यानं सांगा जरा.” त्याने वैतागून मोठ्याने सांगितलं. आई मागे वळून बघायला लागली... कोणीतरी ऐकायला आलंय असं वाटलं असावं तिला.

मागे नुसती रांग होती. आजी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, वडीलही गेले होते. आळीतल्या बोलणाऱ्या बायकाही एकेक करून संपल्या होत्या. मला नकार मिळाला त्याहून हे जास्त लागलं.

बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत बसली होती. मखमलाबाद जवळ आल्यावर म्हणाली, “लय उशिरा कळलं गं.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पहिलीच फाईल ४०७२०. पुढे सरकवली आणि बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

ओठ आजही तसाच आहे, रुमालही. आता आई नाही. त्या खिडकीतल्या माणसाचा राग अजून येतो, तरी त्याचे आभार मानायचे राहून गेलेत.

कारण पुढचं ग्रहण आलं तेव्हा आईने दार लावलं नाही. विळी घेऊन घरापुढच्या ओट्यावर बसली आणि कोबी चिरत राहिली... आम्हा दोघींना आठवडाभर संपणार नाही एवढा.